आडव्या पावसातले एकवीस किलोमीटर

माझ्या नवऱ्याला धावण्याचा नाद लागला तेव्हा ते पंचेचाळिशीच्या पुढे गेले होते आणि मुंबईत एकटेच राहत होते. एकट्या राहणाऱ्या पुरुषाला या वयात कुठला ना कुठला नाद लागतोच. त्यातल्या त्यात हा बरा, असं मी आणि सासूबाईंनी ठरवून टाकलं.

हे (मी त्यांना घरीदारी 'हे'च म्हणते, इथेही तेच चालवून घ्यावं) मुंबईत एका कंपनीच्या ऑफिसात आहेत. मी इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि रत्नागिरीजवळ, हातखंब्याच्या अलीकडे, आमच्या बौद्धवाडीत, सासूबाईंबरोबर राहते. लग्न झालं तेव्हा ठरलं होतं की दोन-तीन वर्षांत एकतर हे इकडे येतील किंवा मी तिकडे जाईन. आता मुलगी शिकून पुण्यात नोकरीला लागली, तरी ते दोन-तीन वर्षांचं अजून चाललंय. महिन्यातून एकदा हे शनिवारी सकाळी गाडीने येतात, रविवारी रात्री परत जातात, आणि मधल्या वेळात मला सुधारतात.

तर ऑफिसातल्या तपासणीत ह्यांची साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. ह्यांनी चालण्याचा टप्पा गाळला आणि एकदम धावायलाच लागले. मग बूट आले, हातावर मोठं घड्याळ आलं, पोटऱ्यांवर चढवायचे घट्ट मोजे आले. फोनवर आधी "जेवलीस का?" असं विचारायचे, ते आता "आजचा माझा पेस बघितलास का?" असं विचारू लागले. पेस म्हणजे धावायचा वेग. एकदा म्हणाले, "आईला सांग, आज बारा केले."

मी सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बारा काय?"

"किलोमीटर. धावले."

"कुठं गेलोवता?"

"कुठे नाही. निघाले तिथेच परत आले."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "मग हातातून काय आणलंन?"

त्यांच्या हिशेबाने एवढं अंतर गेलेला माणूस निदान लाकडाची मोळी तरी घेऊन येतो.

माझं धावणं मात्र ह्यांच्यामुळेच सुरू झालं, हे मी नाकारत नाही. माझे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ह्यांनी मुंबईहून एक वेळापत्रक पाठवलं. त्यात मी रोज सकाळी सावकाश चालायचं होतं. वाडीच्या वर सडा आहे, कातळाचं उघडं पठार, आणि त्यावरून सरळ जाणारा डांबरी रस्ता. तिथे मी पहाटे चालायला लागले. आता शाळेत जायच्या आधी डबे, पाणी, सासूबाईंची गोळी, सगळं उरकायचं असतं. सावकाश चालून ते जमेना. म्हणून मी घाईघाईने चालायला लागले, आणि घाई वाढत वाढत एक दिवस मी धावतेच आहे असं माझ्या लक्षात आलं. वाडीतल्या बायकांच्या ते आधी लक्षात आलं होतं. पहिले काही दिवस जी भेटेल ती काळजीने विचारायची, "बाय, एस्टी चुकली काय गो?" मग त्यांनाही सवय झाली.

ह्यांना मी हे सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. हे आलेले असत त्या पहाटे मी चुलीपाशीच असायची. फोनवर बोलायची पाळी माझी येईपर्यंत त्यांचं रिचार्ज तरी संपायचं किंवा माझं दूध तरी उतू जायचं.

मग एका पावसाळ्यात रत्नागिरीत शर्यत ठरली. एकवीस किलोमीटर, भर ऑगस्टमध्ये. धावणाऱ्या हौशी मंडळींनी ती भरवली होती आणि पावसात कोकण किती सुंदर दिसतं ते बाहेरच्यांना दाखवणं हा उद्देश होता. शहरातल्या मैदानावरून निघायचं, भाट्याच्या पुलावरून पलीकडे जायचं, चढण चढून सड्यावर गोळपपर्यंत, आणि तसंच परत. ह्यांनी ताबडतोब नाव घातलं. मला म्हणाले, "तू पाच किलोमीटरला ये. त्याला फन रन म्हणतात. चाललीस तरी चालतं."

मी जाणारही होते. पण मग कळलं की पाच किलोमीटरला शाळेची मुलं, सगळे शिक्षक आणि आमचे वरचे साहेब, केंद्रप्रमुखही असणार आहेत. आधी भाषणं, मग दिंडीसारखं सगळ्यांनी मिळून चालणं, घोषणा, मुलं मोजणं, हरवलेली मुलं शोधणं. रविवारी! एकवीस किलोमीटरला ओळखीचं कोणी असणार नव्हतं. मी मुलीला फोन केला आणि सांगितलं, माझं नाव एकवीसमध्ये घाल.

"आई, एकवीस म्हणजे किती माहितीये ना?"

"माहितीये. केंद्रप्रमुख नसतील एवढं."

ह्यांना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर आधी मला एकवीस म्हणजे किती ते समजावलं. मग म्हणाले, "ठीक आहे. जिथे दमशील तिथे थांब. मी परत येताना तुला घेऊन येईन." म्हणजे मी रस्त्याकडेला ठेवलेल्या पिशवीसारखी त्यांची वाट बघत थांबायचं होतं.

सासूबाईंचा विरोध धार्मिक होता. आमच्या विहारात तेव्हा वर्षावास चालू होता. रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन व्हायचं आणि सासूबाई पहिल्या रांगेत असायच्या. त्या म्हणाल्या, "भगवंतांनी भिक्खूंना सांगितलंनी, पावसाचं तीन महिनं येका जागी ऱ्हावा, भायर फिरू नका. भिक्खूंना! नि तुमी दोगं धावनार?"

"आई, आम्ही भिक्खू नाही," हे म्हणाले.

"ता दिसतंच हाय," सासूबाई म्हणाल्या.

तरी शनिवारी रात्री त्यांनी कोकमाचं तेल गरम करून माझ्या टाचांना आणि बोटांना चोळून दिलं. ह्यांनी नको म्हटलं. त्यांनी मुंबईहून खास धावणाऱ्यांचं मलम आणलं होतं. ते लावत त्यांनी मला अर्धा तास शिकवलं. सुरुवातीला हळू जायचं. चढावर पावलं लहान ठेवायची. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं. कमरेच्या पट्ट्यात चार छोट्या बाटल्या आणि जेलीच्या पुड्या त्यांनी भरून ठेवल्या. बाहेर पागोळ्यांचा आवाज एवढा होता की निम्मं मला ऐकूच आलं नाही, आणि पावसात तहान लागणार कशी, हा प्रश्न मी विचारला नाही.

सकाळी अंधारातच स्कूटीवरून निघालो. स्कूटी मी चालवते, ह्यांना मुंबईत सवय राहिली नाही. रेनकोट घालून मागे बसल्या बसल्या ते मला श्वास कसा घ्यायचा ते सांगत होते. मैदानावर चिखल आणि लाऊडस्पीकर. वाऱ्याने कमान सारखी एका बाजूला झुकत होती आणि चार जण तिच्या दोऱ्या धरून उभे होते. हवामान खात्याचा इशारा आलेला होताच, पण निवेदक दर दोन मिनिटांनी "काय सुंदर वातावरण आहे!" असं ओरडत होता. ह्यांनी रेनकोट काढून माझ्याकडे दिला. दोघांचे रेनकोट आणि कोरडे कपडे मी संयोजकांच्या टेबलामागे ठेवून आले. आत पातळ बिनबाह्यांचा बनियन. डोक्यावर टोपी, आणि टोपीवर काळा चष्मा.

"हा कशाला?" मी विचारलं.

"चेहऱ्यावर पाणी येत नाही याने."

माझ्या अंगात शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी घेतलेला जुना ट्रॅकसूट होता, आणि केसांवर ब्लाउजपीसच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी, वरून रुमाल. मला बघून ह्यांनी जरा लांब उभं राहणं पसंत केलं. मी समजू शकते.

सुरुवात झाली आणि हे दिसेनासे झाले. सुरुवातीला हळू जायचं, हे त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून मी हळू गेले. ते का गेले नाहीत, मला ठाऊक नाही. बहुतेक आपल्या गावात, ओळखीच्या रस्त्यावर, लोक बघतायत म्हणून. तसे लोक कोणी नव्हते. एक माणूस दूध घेऊन चालला होता, त्याने छत्री तिरकी करून बघितलं आणि परत सरळ केली.

रत्नागिरीत थंडी पडतच नाही असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी ऑगस्टात भिजल्या कपड्यांनी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात उभं राहावं. भाट्याच्या पुलावर पोचेपर्यंत माझी बोटं पांढरी पडली होती. खाली खाडी आणि समुद्र एकाच रंगाचे, गढूळ, आणि कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळत नव्हतं. पूल ओलांडला, सुरूचं बन मागे पडलं आणि चढण लागली. तिथे बरेच जण चालायला लागले. मी मात्र चालले नाही. शूर आहे म्हणून नव्हे. धावत होते तोवर ऊब होती, चालले की दात वाजायचे.

सड्यावर आले तर काही दिसेनाच. झाडं नाहीत, आडोसा नाही, कातळावरचं गवत पार आडवं झोपलेलं. समोरून परत येणारे धावक यायला लागले. सगळ्यात पुढचा एक काटकुळा तरुण होता, तो इतक्या सहज गेला की त्याच्यापुरता पाऊसच नव्हता. मग दोघंचौघं. मग घोळके. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. टोप्या खाली ओढलेल्या, तोंडं वाकडी झालेली, सगळे सारखेच दिसत होते. हे पहिल्याच घोळक्यात असतील असं मला वाटलं होतं. नव्हते. दुसऱ्यात नव्हते. एक काळा चष्मा दिसला म्हणून मी हात केला, तर त्या अनोळखी माणसानेही आनंदाने हात केला. मग ह्यांच्याच वयाचे, ह्यांच्याहून पोट सुटलेले लोक परत यायला लागले. ह्यांना साखर आहे. परवा रात्रभर प्रवास करून आलेत. छातीत कळ आली असली तर? मी पाय उचलले. आयुष्यात पहिल्यांदा मी नवऱ्यासाठी अक्षरशः धावत होते आणि तेही बघायला कोणी नव्हतं.

वळायच्या खांबाच्या थोडं अलीकडे एसटीचा सिमेंटचा निवारा आहे. तिथे घोळका दिसला. आत बाकावर हे बसले होते. गळ्यापर्यंत निळी ताडपत्री गुंडाळलेली, वर तोंड, तोंडावर टोपी, टोपीवर चष्मा. दात कडकड वाजत होते. शेजारी संयोजकांची एक मुलगी उभी होती, नर्सिंगला शिकणारी, आणि समोरच्या घरातली एक बाई स्टीलच्या पेल्यातून त्यांना चहा पाजत होती.

"काय झालं?"

"का-काही नाही. पायात गोळे आले. थांबलो, तर थंडी भरली."

मी कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, डोळ्यांपुढे अंधारी येतेय का, सगळं विचारलं. प्रत्येकाला "नाही गं" असं उत्तर आलं, आणि शेवटच्याला जरा वैतागून आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वैतागले म्हणजे ठीक आहेत. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, मी तपासलंय. सगळं नॉर्मल आहे. ओल्या कपड्यांनी गारठलेत. साखर उतरली असेल म्हणून चहा गोड करून दिलाय. गाडी बोलावलीय, येईलच."

हे थोडे सरकले आणि बाकावर हात ठेवला. "बस. मला वाटलंच तू इथवर येशील. गाडीत दोघांची जागा आहे, मी विचारून ठेवलंय."

मी बसले. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. नवरा-बायको निवाऱ्यात बसून गाडीची वाट बघतायत, यात कोणालाच काही वावगं दिसलं नसतं. त्या बाईने मलाही चहा दिला. मी तो प्यायले. आणि पिता पिता मला जाणवलं की माझे पाय बसायला तयार नाहीत. ते आपले हलतच होते, शिवणयंत्रावर असल्यासारखे. गुडघे कुरकुरत नव्हते. मला दम लागलेला नव्हता. ही सगळी माहिती मला थोडी गैरसोयीचीच वाटली.

"गाडी नक्की येणार ना?" मी त्या मुलीला विचारलं.

"हो, पुलापर्यंत आलीय."

"आणि तू यांच्याजवळ थांबणार?"

"गाडीत बसवूनच जाणार, मॅडम."

मी पेला खाली ठेवला. "मग मी जाते."

"कुठे?" हे म्हणाले.

"पुढे. तो वळायचा खांब दिसतोय ना, तिथवर. मग परत."

"आणि मी?"

"तुम्ही गाडीने या की. तुमची सोय झालीय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी परदेशी भाषेत बोलले. रागावले नव्हते. रागवायला अंगात ऊब लागते. ती चहावाली बाई मात्र हसली आणि म्हणाली, "जा गो बाय, जा. मी हाय हिकडं. पळून नाय जायाचे ते."

मी उठले. हे म्हणाले, "थांब." ताडपत्रीतून कसाबसा एक हात बाहेर आला, कमरेच्या पट्ट्यातली जेलीची पुडी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "ही तरी घे. तेरा-चौदानंतर लागते."

त्या दिवसातलं त्यांचं हे एक वाक्य माझ्या मनात राहून गेलं. जेलीची चव मात्र खोकल्याच्या औषधात बुडवलेल्या जिलबीसारखी होती.

खांबाला वळसा घालून मी परत येत होते तेव्हा मागून गाडी आली. माझ्याजवळ येऊन हळू झाली. काच खाली झाली. हे आत बसले होते, आता ताडपत्रीऐवजी चंदेरी कागदात गुंडाळलेले. गाडीत हीटर असावा, कारण आवाज परत आला होता.

"खांदे सैल सोड!" ते ओरडले. "मुठी आवळू नकोस! उतारावर मागे झुकू नको!"

ड्रायव्हर पुढे बघून हसत होता. गाडी थोडा वेळ माझ्या बरोबरीने चालली, मग मागच्या कोणाला तरी उचलायचं होतं म्हणून थांबली. मी पुढे गेले. थोड्या वेळाने ती परत मला गाठून गेली, आणि या वेळी मला नाकाने श्वास घ्यायला सांगण्यात आलं.

पुलावर पोचले तेव्हा वारा असा सुटला होता की दोन जण कठड्याला धरून उभेच राहिले होते. त्यातला एक जाडजूड गृहस्थ, कोल्हापूरहून आलेला, मला बघून म्हणाला, "ताई, तुम्ही इथल्याच काय?"

"हो."

"मग हे असलं वारं नेहमीच असतंय व्हय? आमच्यात पाऊस वरनं पडतोय ओ. तुमच्यात आडवाच!"

मी म्हटलं, "पुलावरून एकटं जाऊ नका. माझा हात धरा." शाळेच्या वाटेवर ओढा ओलांडताना मुलांना सांगते तसंच सांगितलं. त्याने मुकाट्याने हात धरला. दुसरा होता, चष्मेवाला कुणी इंजिनिअर वगैरे, त्याने याचा हात धरला. असे आम्ही तिघं, हातात हात घालून, वाऱ्याकडे खांदा करून, पुलावरून धावलो. मधे एकदा माझ्या डोक्यावरची पिशवी उडाली आणि खाडीच्या दिशेने गेली. कोल्हापूरवाला सगळा पूलभर बोलत होता. घाटातून रात्रभर गाडी हाणत आलोय, बायको नको म्हणत होती, आता घरी जाऊन काय सांगू. पुलाच्या टोकाला आल्यावर त्याने हात सोडला, अवघडला, आणि एकदम म्हणाला, "थँक्यू हं, ताई. मिस्टर तुमचे पुढं गेले असतील?"

"हो," मी म्हटलं. "बरेच पुढे गेलेत."

मैदानात शिरले तेव्हा कमान उतरवून घेतली होती. ती पडण्याआधीच उतरवली हे शहाणपणाचं झालं. निवेदकाचा घसा बसला होता. एका टेबलापाशी चार जण टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्यात हे उभे होते, कोरड्या कपड्यांत, अंगावर माझा रेनकोट, आणि गळ्यात मेडल.

मी मेडलकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

ते कसं आलं ते त्यांनी नंतर सांगितलं. गाडीने त्यांना सोडलं ते नेमकं मैदानाच्या तोंडाशी. चहाच्या टेबलाकडे जायच्या वाटेवर मेडल घालणारी मुलगी उभी होती. ओला माणूस दिसला की ती मेडल घालत होती, आणि हे ओले होते. काढून परत द्यावं असं त्यांच्या मनात आलं, पण तेवढ्यात फोटोग्राफर समोर आला.

मी टेबलाशी गेले. मेडल संपली होती. "वहिनी, सॉरी," संयोजक म्हणाला, "थोडी कमी पडली. पत्ता द्या, कुरिअरने पाठवतो. नक्की!"

"माझं घे," हे म्हणाले आणि गळ्यातून काढायला लागले. फीत टोपीत अडकली, टोपी चष्म्यात अडकली. ती सोडवताना माझीच बोटं गारठून हलत नव्हती. मी म्हटलं, "राहू दे आता. घरी चला." स्कूटी मीच चालवली. या वेळी मागून काही सूचना आल्या नाहीत. फक्त हातखंब्याच्या रस्त्याला लागल्यावर, वाऱ्यात, एवढंच ऐकू आलं: "तू कधीपासून धावतेस?"

"दोन वर्षं झाली," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पाठीमागे वाऱ्याचा आडोसा घेतला.

घरी पोचेपर्यंत वाडीच्या ग्रुपवर ह्यांचा फोटो येऊन पडला होता, मेडलसकट. त्याखाली अभिनंदनांची रांग. 'वाडीची शान' असंही एकाने लिहिलं होतं. हे उत्तर काय द्यावं म्हणून मोबाइल हातात धरून बसले होते. शेवटी त्यांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

सासूबाईंनी दोघांना गरम पाणी काढून दिलं, हळद घातलेलं दूध दिलं, आणि मग पदराला हात पुसत काय काय झालं ते विचारलं. लेकाने खरं ते सांगितलं, कारण आईपुढे तो खोटं बोलत नाही. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"घोव थंडीनं काकडतोय, नि तू त्येला टाकून पुढं गेलीस?"

"गाडी येत होती, आई. मुलगी होती जवळ, एक बाई होती."

"नि तू गेलीस."

"हो."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. कोकमाचं तेल लावूनही दोन्ही अंगठ्यांवर फोड आले होते. "मग पोचलीस काय शेवटाला?"

"पोचले."

"बरा झाला," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या. तिकडून पुन्हा आवाज आला, पण तो माझ्यासाठी होता की चुलीसाठी, ते मला नीटसं कळलं नाही. "मी याच्या बापासाठी किती येळा उभी ऱ्हायले फाट्यावर. पावसातच यायचा असायचा त्येला. नि यायचा नाय."

माझं मेडल आलं दीड महिन्याने. त्यावर दहा किलोमीटर असं कोरलेलं होतं. मी फोन केला तर ते म्हणाले, परत पाठवा, बदलून देतो. मी परत पाठवलं नाही. ते शाळेत आमच्या वर्गातल्या एका मुलीला दिलं, तिला त्यावरचं होडीचं चित्र आवडलं.

वर्षावास संपायच्या सुमारास हे पुन्हा आले होते. विहारात वाचन झाल्यावर चहा होता, आणि कोणीतरी शर्यतीचा विषय काढला. हे सांगायला लागले. चांगलं सांगतात. वारा, सडा, आडवा पाऊस, पायात आलेले गोळे, काहीही लपवलं नाही. आणि मग म्हणाले, "तेव्हा मी हिला म्हटलं, माझी काळजी करू नकोस. तू जा! एकाने तरी पुरी करायला हवी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "याला म्हणतात समजूतदार नवरा." हे माझ्याकडे बघत नव्हते. मी चहात बिस्कीट बुडवलं. तसं पाहिलं तर जेलीची पुडी त्यांनी दिलीच होती, आणि गाडीतून ओरडून सांगितलेलं सगळं उपयोगीच होतं. दुरुस्ती करायला मी तोंड उघडलं असतं तर विहारात आणखी पाऊण तास गेला असता.

सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मला वाटलं, त्या काही बोलतील. त्यांनी कप खाली ठेवला, लेकाकडे शांतपणे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "व्हय तर. त्येनं सांगितलंन, नि ती तवाच गेली. आमची सून कदी ऐकाय चुकत नाय."

सगळे हसले. हेही हसले, जरा उशिराने.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घालत होते. बाहेर रिपरिप चालू होती. ह्यांनी अंथरुणातून विचारलं, "पाऊस आहे का?"

"आहे."

"किती जाणार आहेस?"

"बघते."

थोड्या वेळाने दार वाजलं आणि हे पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि वर रेनकोट घालून बाहेर आले. आता महिन्यातून एकदा, आले की, ते माझ्याबरोबर सड्यावर येतात. माझ्या थोडे मागून धावतात. मागे राहिलं की माझी पावलं नीट बघता येतात आणि चुका सांगता येतात, असं त्यांचं म्हणणं आहे.